वणवा विझवायला जाताना परतीची वाट कोण बघून ठेवतं?

सडेकर | ७ जानेवारी, रात्री ९:१२

मंडळी, हा धागा जानेवारीत काढतोय तो मुद्दाम. सड्यावरचं, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावरचं गवत वरून पिवळं पडलंय, पण बुडाशी अजून ओल आहे. महिन्याभरात तीही जाईल, आणि शिमगा तोंडावर आला की हे वाचायला कुणाला सवड नसेल.

आमची वाडी राजापूर तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर आत. खाली व्हाळ (ओढा), व्हाळाकाठी कुणगे (भाताची खाचरं), मग घरं, घरांमागे आंबा-काजूची कलमं, त्यावर गवताचा उतार आणि माथ्यावर सडा. उतार पश्चिमेला तोंड करून आहे. कोकणातल्या कितीतरी वाड्यांची ठेवण हीच.

गेल्या मार्चमध्ये सकाळी दहाच्या सुमारास खालच्या अंगाला धूर दिसला. कुणीतरी बांध भाजायला घेतला होता, आग गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, ओलांडून गवतात शिरली. हाकाटी झाली तसे आम्ही अकरा जण धावलो. तीन कोयत्या, एक फावडं, बाकीच्यांनी वाटेत जांभळीचे डहाळे तोडून घेतले. बहुतेकांच्या पायात स्लीपर. दोघांच्या अंगात क्रिकेटच्या स्पर्धेत मिळालेले पॉलिएस्टरचे टी-शर्ट.

कलमं वाचवायची एवढंच डोक्यात. आग खाली होती, गुडघ्याएवढी ज्वाळ, धूर सरळ वर जात होता. आम्ही ठरवलं की आगीच्या वरच्या बाजूला चढायचं, गवताचा एक पट्टा कापून काढायचा आणि आग तिथवर आली की झोडपायची. कुणालाच त्यात काही चूक वाटली नाही. आमचे बापही असंच करायचे.

साडेअकराच्या आसपास खारा वारा सुटला. रात्रभर वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो, सकाळी तो पडतो, मधे तास-दीड तास पान हलत नाही. त्या शांत वेळात आम्ही चढलो होतो. वारा सुटला तो समुद्राकडून, उतार चढत, सरळ आमच्या अंगावर. ज्वाळ माणसाच्या उंचीची झाली. पत्र्यावर वळवाचा पाऊस पडावा तसा आवाज येत होता. दोघे जण सड्याच्या दिशेने वर पळत सुटले.

आमच्यात शेरडं राखणारा एक सतरा वर्षांचा मुलगा होता. तो ओरडला, "वर नको, डावीकडे! कातळ आहे!" पावसाळ्यात पाणी साचतं असा मोकळा कातळ, त्यावर गवताची काडी नव्हती. आम्ही उतारावर आडवे पळालो. साठ-सत्तर पावलं असतील. कातळावर पालथे पडलो, तोंड खाली. आग दोन्ही बाजूंनी वर निघून गेली.

शेजारच्या काकांच्या स्लीपरचा अंगठा तुटला, ते हातांवर पडले. दोन्ही पंजे भाजले. एका पोराच्या खांद्यावर टी-शर्ट वितळून चिकटला. चाळीसपैकी एकतीस कलमं गेली. वर पळालेल्या त्या दोघांनीही वळून पाहिलं आणि त्यांनाही कातळ गाठता आला, म्हणून हे लिहायला बसलोय.

दहा महिने एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. अकरा माणसांपैकी एकानेही चढण्याआधी विचारलं नव्हतं की वारा सुटला तर जायचं कुठे. कातळ त्या पोराला ठाऊक होता तो शेरडांमुळे.

तुमच्या वाडीत काय करतात ते लिहा. आग लागू नये म्हणून काय करता आणि लागल्यावर माणसं जपायला काय करता, दोन्ही.

निवृत्त_बीटगार्ड | ७ जानेवारी, रात्री ११:०५

सडेकर, वाचून अंगावर काटा आला. तीस वर्षं चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात वनरक्षक म्हणून काढली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आगीला डोकं असतं, दोन बगला असतात आणि शेपूट असतं. वारा आणि चढ जिकडे नेतात ते डोकं. जिथून सुरू झाली ते शेपूट. तुम्ही डोक्यासमोर, तेही चढाच्या वरच्या बाजूला उभे राहिलात. तिथे उभं राहायचं नाहीच, मग कलमं कुणाचीही असोत. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवतात, ते आधीच तापून वाळतं आणि आग धावत सुटते. उतरत्या बाजूने तीच आग रांगते.

काम शेपटाकडून सुरू करायचं. आधी न जळणारा एक ठिकाणा पकडायचा: रस्ता, व्हाळ, कातळ, नांगरलेलं शेत. तिथून एका बगलेने डोक्याकडे सरकायचं. म्हणजे आग तुम्हाला वळसा घालून मागून येऊ शकत नाही. आणि चालताना एक पाय कायम जळून काळ्या झालेल्या जमिनीवर. धग वाढली तर दोन पावलं काळ्यात सरकलात की झालं, जे एकदा जळून संपलं ते पुन्हा पेटत नाही. मात्र 'काळं' म्हणजे पुरतं काळं. वरचं गवत करपलेलं आणि झुडपं हिरवी उभी, अशा जागेत आग दुसऱ्यांदा फिरते.

ज्वाळ किती मोठी असताना हाताने झोडपावं? चार फूट, म्हणजे छातीच्या खाली. त्याहून उंच असेल तर डहाळा घेऊन जवळ जायचं नाही. मागे हटायचं, पुढच्या रस्त्यावर किंवा पायवाटेवर पट्टा साफ करायचा आणि वारा पडायची वाट बघायची.

झोडपण्याचीही रीत आहे. नवखा माणूस डहाळा डोक्यावर उचलून आपटतो, ठिणग्या उडून मागे चार ठिकाणी पेटतं. डहाळा ज्वाळेवर दाबायचा आणि जळालेल्या बाजूला ओढायचा. दोघांची जोडी करा, पुढचा दाबेल, मागचा राहिलेलं विझवेल. पाच मिनिटांनी अदलाबदल. वनखात्याकडे आता पाला उडवायचे ब्लोअर असतात, गवतात आणि पातेऱ्यात (वाळल्या पाल्यात) ते चांगलं काम देतात, पण ते चालवणाऱ्यालाही हेच नियम.

आग दिसली की आधी फोन. १९२६ हा वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक, शिवाय ११२. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना मोबाईलवर पाठवते, त्यासाठी नाव नोंदवता येतं. पण उपग्रहावरच्या एका यंत्राचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा, दुसऱ्या यंत्राचा तर एक किलोमीटरचा. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो. गडग्याजवळची पहिली दहा फूट आग गावातल्या माणसालाच दिसणार.

एक कायद्याचंही सांगतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे हे लोकांना माहीत असतं. कलम ७९ फारसं कुणाला माहीत नसतं. ज्याला जंगलात हक्क-सवलती आहेत, त्याने आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं हे त्यात बंधनकारक आहे.

दाढेतली | ८ जानेवारी, सकाळी ७:४०

सडेकरदादा, काकांचे हात आता कसे आहेत?

एक सांगते, राग मानू नका. दरवर्षी वणवा लागला की बोट राब भाजणाऱ्यांकडे, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजणाऱ्यांकडे जातं. आम्ही मंडणगडकडे अजून राब भाजतो. शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, गवत असे थर आणि वर बारीक माती. माती टाकली की आग धुमसत राहते, भडकत नाही. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, तरवा, म्हणजे भाताचं रोप, जोमाने येतो आणि काढताना मुळं तुटत नाहीत. हौस म्हणून कुणी भाजत नाही.

आमच्या सासूबाईंची पद्धत अशी. दाढ, म्हणजे रोपांचा वाफा, कुणग्याच्या मधोमध, काठाला नाही. चारी बाजूंनी नांगराच्या चार रेघा मारून उघडी माती. दोन हंडे पाणी आणि एक माणूस फक्त बघत उभा. आग लावायची ती वाऱ्याच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे वारा तिला मागे ढकलत राहतो आणि ती हळूहळू खात येते. वाऱ्याच्या बाजूने लावली तर वरचा पाला भुर्रकन जळतो, खालची जमीन तापतच नाही. नीट भाजायचं असेल तरी हळू आगच लागते.

माझा प्रश्न वेळेचा आहे. सकाळी लवकर भाजा असं सगळे सांगतात, पण दंव असतं, राब धड पेटत नाही. आमच्याकडे संध्याकाळी भाजतात. ते बरोबर की चूक?

सडेकर | ८ जानेवारी, सकाळी ९:२०

ताई, राग कसला, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडची आग राबाची नव्हतीच. बांधावरचं गवत आणि आंब्याखालचा पातेरा एकत्र ओढून पेटवला होता आणि पेटवणारा चहाला घरी गेला होता. काकांची डाव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत, कोयती धरता येत नाही. बाकी बरे आहेत.

वेळेबद्दल. त्या दिवसानंतर मी रोज वाऱ्याची वेळ वहीत लिहायला लागलो. मार्चअखेर ते मे, आमच्या खळ्यातून. खारा वारा बहुतेक दिवशी साडेदहा ते बाराच्या मधे सुटला, दुपारी तीनपर्यंत वाढत गेला, दिवस मावळताना पडला. रात्री उशिरा मतलई सुरू झाला, म्हणजे बरोबर उलट दिशा. संध्याकाळी भाजलं तर पेटवताना शांत असतं, पण निखारे रात्रभर राहतात, आणि रात्री वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची आपण तयारी केलेली नसते. माणसंही झोपलेली. दंव उडाल्यावर, साधारण आठला पेटवून दहाला पाणी मारून मोकळं होणं मला तरी सुरक्षित वाटतं. समुद्रापासून किती आत आहात त्यावर वेळ पुढेमागे होईल, तेव्हा तुमच्या वाडीची वही तुम्हीच करा.

गवतकाप्या | ८ जानेवारी, दुपारी १:१५

आमच्या भागात जुनी माणसं म्हणतात, डोंगर भाजल्याशिवाय गवत चांगलं येत नाही. त्यावर कुणी बोलेल का? मुद्दाम लावणारेही आहेतच, ते धरून चालायला हवं.

निवृत्त_बीटगार्ड | ८ जानेवारी, दुपारी ३:३०

राखेने आणि उघड्या जमिनीने पहिले कोंब लवकर आणि हिरवेगार दिसतात, तेवढं खरं. पण जमिनीवरचं पातेऱ्याचं पांघरूण जातं आणि जूनच्या पहिल्या चार सरी माती घेऊन व्हाळात उतरतात. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर नवं रोप वर येत नाही. टिटवी, लावे यांची अंडी-पिल्लं जमिनीवरच असतात. आणि आपल्याकडे वीज पडते ती पावसाबरोबर, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचा वणवा आभाळातून येत नाही. बांध भाजणारे, मध काढणारे, शिकारीला जाणारे, विडी फेकणारे, वाऱ्यात एकमेकींना घासणाऱ्या तारा. माझ्या नोकरीत पाहिलेल्या आगी या पाचांत बसतात.

निळ्या_डोंगरातून | ८ जानेवारी, रात्री १०:४८

मूळ गाव गुहागरजवळ. गेली अकरा वर्षं ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या पश्चिमेला राहतो आणि न्यू साउथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये स्वयंसेवक आहे. ती जवळजवळ पूर्ण स्वयंसेवकांवर चालते: शिक्षक, सुतार, दुकानदार. तिथे पहिल्या वर्गात आम्हाला आग विझवायला शिकवलीच नाही. आगीपासून परत यायला शिकवलं.

सडेकर, तुमचा प्रसंग वाचताना मला १९४९ ची गोष्ट आठवली. अमेरिकेत मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाची घळ आहे. ५ ऑगस्टला विमानातून उतरलेली अग्निशमन तुकडी तिथे उतारावर होती, आग खालून गवतात शिरली आणि चढ चढू लागली. माणसं वर पळाली. तेरा जण गेले. त्यांचा प्रमुख वॅगनर डॉज याने पळता पळता स्वतःच्या पुढचं गवत काडी लावून जाळलं आणि त्या राखेत पालथा पडला. इतरांना तो बोलावत होता, पण त्या घाईत त्याचं म्हणणं कुणाला उमगलं नाही. त्याच्याशिवाय दोघे वाचले, ते कड्यातल्या फटीतून पलीकडच्या दगडधोंड्यांत पोचले म्हणून. तुमचा कातळ म्हणजे तेच.

चढावर आगीशी शर्यत लावू नका. आमच्याकडे ढोबळ हिशेब शिकवतात: चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट. वीस अंशांवर चौपट. माणसाचं उलट, चढ वाढला की वेग घटतो.

अमेरिकेत १९५७ साली अग्निशमनाचे दहा नियम ठरले. पुढे १९९१ मध्ये पॉल ग्लीसन या अनुभवी माणसाने त्यांचं सार चार गोष्टींत आणलं. मी त्यांना मराठीत राखण, निरोप, वाट आणि आसरा म्हणतो.

राखण म्हणजे एक माणूस काम करत नाही, फक्त आग, वारा आणि माणसं बघतो. तो जिथून आगही दिसते आणि माणसंही दिसतात अशा जागी उभा. बहुतेक गावांत इथेच गाडी अडते, कारण "एक हात रिकामा का ठेवायचा?" असं वाटतं. निरोप म्हणजे त्याचं सांगणं सगळ्यांपर्यंत पोचणं. मोबाईलची रेंज डोंगरात बेभरवशाची आणि आगीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, शिट्टी येते. वाट म्हणजे पळायची वाट, एक नाही, दोन. कारण एक आगच तोडू शकते. ती शक्यतो उतरती किंवा आडवी असावी आणि जाताना चालून पाहिलेली असावी. आसरा म्हणजे जिथे पोचल्यावर काही न पांघरता उभं राहता येईल अशी उघडी जागा: कातळ, नांगरलेलं शेत, पुरतं जळालेलं रान. पाण्याचं डबकं किंवा विहीर हा आसरा नव्हे.

हे चारही ठरल्याशिवाय आम्ही गाडीतून हत्यार काढत नाही. आणि वारा बदलला की चारही पुन्हा तपासायचे.

वाऱ्याचं एक शेवटचं. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरिया राज्यात जे झालं त्याला इथे ब्लॅक सॅटर्डे म्हणतात, १७३ माणसं गेली. दिवसभर आग वायव्येच्या वाऱ्याने लांबट पट्ट्यासारखी पुढे जात होती. संध्याकाळी वारा नैर्ऋत्येला फिरला आणि त्या पट्ट्याची सबंध लांब बगल एका क्षणात डोकं झाली. तुमचा साडेअकराचा खारा वारा लहान प्रमाणात हेच करतो. बगलेवर काम करणाऱ्यालाही वाऱ्याची वेळ ठाऊक हवी.

भटक्या_पाय | ८ जानेवारी, रात्री ११:३०

आपल्या देशातलं उदाहरण कुरंगणीचं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात, ११ मार्च २०१८. गवताळ डोंगरातून उतरणाऱ्या ट्रेकर्सना वणव्याने गाठलं, वीसहून अधिक जणांचे जीव गेले. तेव्हापासून मी फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताळ डोंगरावर गट नेत नाही. कोकणकड्याखालच्या वाटांना येणाऱ्यांना हात जोडून विनंती, या दिवसांत डोंगरात चूल, शेकोटी, सिगारेट काहीही नको.

आरोग्य_उपकेंद्र | ९ जानेवारी, दुपारी २:१०

मी नर्स आहे, भाजलेली माणसं आमच्याकडे आधी येतात. भाजल्यावर लगेच साधं गार वाहतं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. बर्फ नको. तूप, खोबरेल, टूथपेस्ट, हळद यातलं काही नको, ते आम्हाला नंतर खरवडून काढावं लागतं आणि माणूस कळवळतो. अंगठी, बांगड्या, मनगटातला दोरा सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतालचं कापून घ्या. वर स्वच्छ सुती कापड सैल टाका आणि १०८ ला फोन करा. तोंड भाजलं असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकात काजळी दिसत असेल तर माणूस बोलता-चालता असला तरी थांबू नका. आतली सूज नंतर वाढते.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, सैल. पायात चामड्याचे बूट, नसतील तर निदान बंद बूट. तोंडाला फडकं बांधाल तर कोरडं बांधा. ओलं बांधायची सवय सगळ्यांना असते, पण धगीत त्याची वाफ होऊन श्वासातून आत जाते. आणि फडकं ओलं असो की कोरडं, धुरातला विषारी वायू अडत नाही. डोकं दुखायला लागलं, गरगरलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला की त्याला धुराबाहेर काढा, एकट्याला पाठवू नका. तासाभराच्या झोडपण्यात घाम किती जातो ते कळत नाही. दर वीस मिनिटांनी घोट-घोट पाणी, मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम.

बोंडूवाला | ९ जानेवारी, रात्री ८:५५

कुडाळकडची काजीची बाग आहे, त्याबद्दल लिहितो. बिया पडलेल्या दिसाव्यात म्हणून झाडाखालचा पातेरा जाळायची वाईट खोड आमच्याकडे होती. माझी आये ओरडायची, "पातेरो जाळू नको रे, खड्ड्यात घाल!" आता तेच करतो. जानेवारीत पातेरा ओढून खड्ड्यात, वर शेणकाला आणि माती. पावसाळ्याअखेर खत. बुंध्याला लावून ढीग मात्र ठेवू नये, आग आली तर तोच झाडाची साल भाजतो. काजीच्या बीच्या टरफलातलं तेल जळलं की त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला फार लागतो, बी साठवलेल्या मांगरात (शेतातल्या खोपीत) आग गेली तर आत शिरू नका.

बागेभोवतीचा पट्टा: गवत नुसतं कापून तिथेच टाकलं तर तो पट्टा पट्टा नव्हे, ते वाळून आणखी बरं पेटतं. कापायचं, ओढून बाहेर काढायचं आणि खराट्याने माती दिसेपर्यंत झाडायचं. मी दहा फूट ठेवतो, उताराच्या खालच्या बाजूला पंधरा. ग्रासकटर जांभ्या दगडावर आपटला की ठिणगी उडते, म्हणून ते काम जानेवारीतच, सकाळी, जवळ पाण्याचा कॅन ठेवून. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नका. ठिबकच्या नळ्या पट्ट्यावरून आडव्या नेल्या असतील तर तेवढा तुकडा मातीत पुरा, नाहीतर आग नळीवरून आत येते. विजेच्या खांबाखालचं गवतही दहा फूट साफ, आणि तारांना टेकणाऱ्या फांद्या लाइनमनला सांगून तोडून घ्या, स्वतः चढू नका.

खालची_वाडी | १० जानेवारी, सकाळी १०:३०

सगळं पटलं, पण मधल्या पडीक जमिनींचं काय? आमच्या वाडीत सात ठिकाणी मालक मुंबईला, छातीभर गवत. आपण पट्टा काढायचा आणि मधल्या जमिनीतून आग यायची. फोन केला तर म्हणतात, मे महिन्यात आलो की बघू.

सडेकर | १० जानेवारी, दुपारी १२:४५

आमच्याकडेही हेच होतं. आम्ही फोन सोडून दिले आणि फोटो पाठवायला लागलो: त्यांचंच गवत, मागे त्यांच्याच घराचं कौलारू छप्पर. सोबत एकच वाक्य, "गवत कापून गुरांना न्यायला परवानगी द्याल का?" सातपैकी पाच जणांनी दिली. गवळ्याला वैरण मिळाली, आम्हाला पट्टा. उरलेल्या दोन जमिनींच्या कडेने आमच्या बाजूला दुप्पट रुंद पट्टा काढला. तेवढ्या दोघांसाठी भांडत बसायला वेळ नव्हता.

गवतकाप्या | १० जानेवारी, दुपारी ४:००

एक राहिलं. समोरून उलटी आग लावून वणवा थांबवतात, ते आपण करावं का?

निवृत्त_बीटगार्ड | १० जानेवारी, संध्याकाळी ७:२०

गावाने करू नये, हे स्पष्ट सांगतो. त्याला आधी साफ केलेली रेष, शिकलेली माणसं, वाऱ्याचा अंदाज आणि दोन आगींच्या मधे कुणी नाही याची खात्री लागते. एका गावात मी पाहिलंय, वरच्या लोकांनी उलटी आग लावली तेव्हा खालच्या बाजूला लाकडं आणायला गेलेल्या दोघी बायका होत्या. आरडाओरडा ऐकून कुणीतरी धावलं, त्या थोडक्यात निघाल्या. वनखात्याची माणसं आली तर त्यांचं ते बघतील.

आणि आग विझली की घरी जायची घाई नको. वाळवी लागलेले बुंधे, पोकळ खोडं, वाळलं शेण रात्रभर धुमसतं. हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा, मग माती उकरून पाणी मारा. दोघांनी सकाळपर्यंत थांबायचं. दुसऱ्या दिवशी खारा वारा सुटायच्या वेळेला पुन्हा एक फेरी.

सडेकर | १८ जानेवारी, रात्री ९:३०

आज रविवारी काम सुरू केलं. तेवीस माणसं आली, त्यात नऊ बायका. व्हाळापासून सड्यापर्यंतच्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत काढलं, निम्मं झालं, उरलेलं पुढच्या रविवारी.

शेरडंवाल्या पोराला पुढे घालून सबंध उतार चाललो. त्याने आणखी तीन मोकळे कातळ दाखवले, माझं अख्खं आयुष्य इथे जाऊन त्यातले दोन मला ठाऊक नव्हते. चारही ठिकाणी वाटेवरून दिसेल अशा दगडाला चुन्याची खूण केली. प्रत्येक कातळापर्यंत घरांकडून किती पावलं ते मोजून शाळेच्या भिंतीवर लिहिलं. सहा जोड बूट वर्गणीतून घेतलेत, ते देवळाच्या पडवीत राहतील.

राखणीला कोण यावर थोडी चर्चा झाली. तरणी पोरं कुणी तयार होईना, सगळ्यांना आगीवर जायचं होतं. मग काका उठले आणि म्हणाले, कोयती धरता येत नाही, शिट्टी धरता येते. देवळामागच्या उंचवट्यावरून सबंध उतार दिसतो. तीन लांब शिट्ट्या झाल्या की हातातलं टाकून कातळावर यायचं, असं ठरलंय. संध्याकाळी त्यांनी एकदा वाजवून पाहिली, सड्यावर होतो तिथवर ऐकू आली.